वाटूर फाट्यावरची पांढरी टोपी

वाटूरच्या कारभारींची शिवकन्या जालन्याला नेमकं काय काम करते, हे गावात कोणालाच धड सांगता यायचं नाही. कोणी म्हणे पोलिसात आहे, कोणी म्हणे ॲम्ब्युलन्सवाली आहे. तिची आई झुंबरबाई मात्र सरळ सांगून मोकळी व्हायची, "टीव्ही बघती दिवसभर, त्याचा पगार भेटतो."

तसं ते फार खोटंही नव्हतं. अपघात, आग, मारामारी, काहीही झालं आणि माणसानं मदतीसाठी फोन लावला की तो ज्या खोलीत वाजतो, तिथं शिवकन्या बसते. समोरच्या भिंतीवर जिल्ह्यातले चौक आणि फाटे. एकेक चित्र बारा सेकंद थांबतं आणि पुढं सरकतं. जाफराबादचा स्टँड, आष्टीचा बाजार, मग वाटूर फाटा. आवाज कशालाच नाही. दुपारी तीननंतर एसीची घुमघुम आणि हे मुके रस्ते, यांच्यात डोळे उघडे ठेवूनही माणूस कुठल्या कुठं निघून जातो. कापसानं फुगलेला ट्रॅक्टर वळतो, जीप थांबते, शेळ्या रस्ता ओलांडतात, आणि सगळं पाण्याखाली चालल्यासारखं वाटतं. आठ वर्षं झाली, पण एखाद्या दुपारी शिवकन्येला अजून शंका येते, की हे आपण बघतोय का आपल्याला स्वप्न पडतंय.

पण बाई कामाला पक्की. आष्टीच्या बाजारात दुकान पेटलं तेव्हा समोरचा रस्ता गाड्यांनी तुंबलेला तिनंच बघितला आणि बंब मागच्या गल्लीतून घातला. आणि नियमाला तर त्याहून कडक. इथले कॅमेरे रस्ता बघतात. धूर आहे का, वाट अडली का, कोणी आडवं पडलंय का, एवढंच. एखाद्या माणसाचं चित्र मोठं करायचं, तर आधी मदतीचा फोन आलेला पाहिजे आणि त्या फोनचा नंबर रजिस्टरात चढलेला पाहिजे. घरांच्या खिडक्यांवर चित्रातच काळी पट्टी टाकलेली. तीस दिवसांनी रेकॉर्डिंग आपोआप पुसलं जातं. आणि भिंतीवर दिसलेलं खोलीच्या बाहेर बोलायचं नाही.

एकदा अण्णासाहेब म्हणून एक बडं प्रस्थ येऊन बसलं. सून कोणाच्या गाडीत बसून गेली ते दाखवा म्हणे. शिवकन्येनं त्यांना चहा पाजला आणि म्हणाली, "सूनबाईंच्या जिवाला धोका असंल तर आत्ता तक्रार लिहा, लगेच शोधते. नुसतं बघायचं असंल तर न्हाई जमणार." अण्णासाहेबांनी चहा संपवला आणि गेले.

तीन वर्षांपूर्वी असल्या पोरीच्या बापाला कळलं, की वाटूर फाट्यावर कॅमेऱ्याचा खांब बसलाय आणि त्याचं चित्र पोरीच्या खोलीत उघडतं. झालं. कारभारी रोज चार वाजता चहाच्या निमित्तानं फाट्यावर जायला लागले. खांबाखाली उभं राहायचं, टोपी नीट करायची, काठी जराशी वर करायची. आणि संध्याकाळी फोन.

"दिसलो का?"

"आबा, आम्ही माणसं बघत न्हाई. रस्ता बघतो."

"मंग मी काय रस्त्याच्या बाहेर हुभा व्हतो का?"

"न्हाई सांगता येत, आबा."

"बरं बरं, ऱ्हाऊ दे."

दिसायचे, रोज दिसायचे. नखाएवढा माणूस, तोंड ओळखू येत नाही, नुसता टोपीचा पांढरा ठिपका आणि वर जाणारा हात. एक बटण दाबलं असतं तर आबा भिंतभर झाले असते. तिनं ते कधी दाबलं नाही. पण सकाळपासून तिचा सगळा दिवस त्या बारा सेकंदांकडं चालत असायचा, आणि ते होऊन गेले की तिला हलकं वाटायचं.

मागच्या उन्हाळ्यात एक दिवस खांबाखाली ठिपका नव्हता, नुसतं काळंसर डोकं आणि काठी. संध्याकाळी तिच्या तोंडून निघून गेलं, "आबा, एवढ्या उन्हात टोपी का घातली न्हाई?"

शिवकन्येनं जीभ चावली. "इसरली पोरी," आबा म्हणाले, आणि गाय व्याल्याचं सांगत बसले. दुसऱ्या दिवसापासून मात्र तो ठिपका जास्तच पांढरा दिसायला लागला. तिला वाटलं, कॅमेऱ्याची काच पुसली असंल.

आणि गेल्या महिन्यात कारभारी झोपेतच गेले. आदल्या दिवशी चारला ते खांबाखाली उभे होते.

तेराव्यानंतर शिवकन्या कामावर आली आणि मनातल्या मनात दिवस मोजायला लागली. पंधरा, वीस, पंचवीस. एकोणतिसाव्या दिवशी शेजारचा मुकुल हळूच म्हणाला, "ताई, उद्या पुसलं जाईल. बघून घ्या एकदा. मी तिकडं तोंड करून बसतो."

तिनं माऊसवर हात ठेवला, खोटं कशाला बोला. पण रजिस्टरात कोणत्या फोनचा नंबर लिहिणार? अण्णासाहेबांना कोणत्या तोंडानं नाही म्हणाले होते मी? तिनं हात काढला, कागद घेतला आणि खोलीचे साहेब वामन सर यांच्यापुढं अर्ज ठेवला. कारण, वडील शेवटचे दिसले ते बघायचं आहे.

सरांनी अर्ज दोनदा वाचला. चष्मा काढून ठेवला. "शिवकन्या, यात मदतीचं कारण नाही. माझी सही होणार नाही."

"माहीत होतं, सर."

"ते स्वतः अर्ज घेऊन आले असते तर दाखवलं असतं. ज्याचं चित्र त्याला बघायला नियम आडवा येत नाही."

शिवकन्या उठता उठता थांबली. "म्हणजे, 'तुम्ही दिसलात' एवढं आबांना सांगितलं असतं तर चाललं असतं?"

"ज्याचं त्याला? त्यात काय बिघडलं असतं?"

ती बाहेर येऊन जिन्यात बसली. तीन वर्षं म्हातारा रोज एक 'हो' मागत होता आणि नियम म्हणून तिनं तो दिला नव्हता. पण ज्याचं त्यालाच सांगायचं नाही, असा नियम कुणी केलाच नव्हता. तिला स्वतःचा इतका राग आला की रडूही येईना.

दुसऱ्या दिवशी रेकॉर्डिंग पुसलं गेलं. चारला वाटूर फाटा आला. शिवकन्या बघायचं नाही म्हणत बघत होती. खांबाखाली एक जांभळा ठिपका होता. हात वर गेला, पदर नीट केला. बारा सेकंद झाले आणि फाटा पुढं सरकला. तिनं बटण दाबलं नाही.

संध्याकाळी झुंबरबाईंचा फोन आला. "आज फाट्यावर गेल्ते. हुभी ऱ्हायले खांबाखाली, उगंच."

"दिसलीस, आई. जांभळं लुगडं होतं. पदर सावरलास."

झुंबरबाईंनी विचारलं, "आन ते?"

"रोज दिसायचे. मी सांगितलं न्हाई, आई. सांगायला पाहिजे होतं." आणि आता तिला रडू फुटलं.

"त्यास्नी ठावं व्हतं की," झुंबरबाई म्हणाल्या. "उन्हात टोपी का न्हाई म्हून तू इचारलंस, तवाच कळलं त्यास्नी. दुसऱ्या दिवसापून टोपी रोज नीळ घालून धुवून घ्यायचे माझ्याकून. म्हणायचे, पोरगी बघती, पर तिला सांगता येत न्हाई, तिची नोकरी हाय. आपल्याला कळलं म्हून दाखवायचं न्हाई, पयल्यावानीच इचारत ऱ्हायचं."

शिवकन्येनं डोळे पुसले. मग आईनंच विचारलं.

"उंद्या येऊ का मंग चारला?"

"ये," शिवकन्या म्हणाली. "बराबर चारला ये."