आमटीतलं मीठ आणि विहिरीतलं पाणी

माझ्या नवऱ्याने विहीर बुडवली, असं त्यांच्या कंपनीचं म्हणणं आहे.

तेही हे वारल्यावर म्हणाले. जिवंतपणी तोंडावर कोणी बोललं नाही.

आज ह्यांना जाऊन वर्ष झालं. सकाळी झाशीतल्या सीपरीच्या घरी वर्षश्राद्ध केलं.
जेवणाच्या वेळेला कंपनीतून एक पाहुणे आले. न बोलावता.

आधी विहिरीचं सांगते, नाहीतर तुम्हाला कळणार नाही.
ही गॅसची विहीर. फार खोल. हे तिथे इंजिनिअर होते. साइटवरून सुट्टीला झाशीत यायचे.

मॅट्रिकनंतर माझी शाळा सुटली, वाचन सुटलं नाही. ह्यांच्या बॅगेतली पुस्तकंसुद्धा वाचायची. अडलं की विचारायची. हे मटार सोलता सोलता समजवायचे.

"गॅसच्या खाली जुनं पाणी असतं. समुद्राहून खारट. गॅस हावरटासारखा ओढला की ते वर चढतं. नळीत पाणी उभं राहिलं की गॅसला ते उचलवत नाही. विहीर बुडाली."

ह्यांच्या विहिरीत पाणी यायला लागलं तेव्हा मी सरळ विचारलं, "तुम्ही जास्त ओढलात का?"

"उलट कमी केला. पाणी हटेना. आणि ते खालच्या पाण्याइतकं खारट नाहीये."

"चाखलंत?"

"वेडी का काय! लॅबमधून सक्सेनाने फोनवर सांगितलं. हे वरच्या थरातलं पाणी आहे. पाइपच्या मागचं सिमेंट नीट बसलं नाही, तिथून खाली उतरतंय."

ते सिमेंट ह्यांच्या आधी भरलेलं. ते पास करणारे आज मोठ्या खुर्च्यांवर आहेत.

ह्यांनी हे साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, थोडे दिन आराम कर लो.
त्याच सुट्टीत हार्ट अटॅक आला. त्यात कोणाचा हात होता असं मी म्हणत नाही. उगाच का म्हणू?

माझा संशय पुढचा आहे.

हे गेल्यावर रिपोर्ट आला. ह्यांचं नाव घालून. जास्त गॅस ओढल्यामुळे तळाचं पाणी वर आलं. पाण्याचा खारटपणा तळाच्या पाण्याशी जुळतो.

जुळतो?

पाणी तपासणारे तेच, सक्सेनाजी. आणि आज दारात उभे तेही सक्सेनाजीच. हातात केळी.

"इधर से निकल रहा था भाभीजी. सोचा सर को प्रणाम कर लूँ."

बरोबर आजच निघायचं होतं का इधर से?

पण श्राद्धाच्या दिवशी दारातून माणूस उपाशी पाठवत नाहीत. पान वाढलं.

आमच्याकडे श्राद्धाचा स्वयंपाक चाखत नाहीत. म्हणून मी त्यांना म्हटलं, "आज बिना चखे बना है, नमक कम-ज़्यादा हो तो बता दीजिए."

"अरे भाभीजी, एकदम बराबर!"

आमटीची वाटी संपवली. वर आणखी मागून घेतली.

मग ते बाहेरच्या खोलीत सुपारी चघळत बसले, आणि मी नि वन्सं आत जेवायला बसलो.
पहिल्या घासाला वन्सं ओरडल्या, "अगं वहिनी, आमटीत मीठ तू पण घातलंस?"

दोघींनीही घातलं होतं. एकीने फोडणीआधी, एकीने नंतर. चाखायचं नाही, तर कळणार कसं?
गुरुजी सारखं ताक का मागत होते ते तेव्हा कळलं. श्राद्धाच्या अन्नाला नाव ठेवायचं नाही म्हणून बिचारे गप्प.

वन्सं म्हणाल्या, "आणि त्या बाबाने दोन वाट्या रिचवल्या? जीभ आहे की चामडं?"

मला हसू आलं. मग ते गेलं.

मिठाचं माप काढणं हीच ज्याची नोकरी, त्या माणसाला मी विचारल्यावरसुद्धा तो "एकदम बराबर" म्हणाला होता.

शिष्टाचार असेल. असेलही. दुःखाच्या घरात कोण खोड काढतं?
पण शिष्टाचार तो साहेबांपुढेही करत असेल ना?

मी हात धुऊन बाहेर गेले.

"सक्सेनाजी, कुएँ का पानी कितना खारा था?"

सुपारी थांबली. "सर घर में ये सब बात करते थे?"

"मैंने कुछ और पूछा है, भैया."

"भाभीजी, टेक्निकल चीज़ है. अब तो वो कुआँ भी सील हो रहा है. सीमेंट डालके हमेशा के लिए बंद. आप भी मन से निकाल दीजिए."

एवढं बोलून उठले. चप्पल घालताना पुन्हा विचारलं, "सर ने और किसी को तो नहीं बताया था?"

मी म्हटलं, "सँभल के जाइए."

अब हम बताते हैं, सगळ्यांना.

ह्यांचे साइटवरचे पुष्कळ मित्र माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहेत. तुम्ही दिवाळीला फोटो लाइक करता, वाचता हेही मला ठाऊक आहे.
विहिरीत पाणी अजून उभं आहे. सिमेंट पडायच्या आत एक बाटली काढा. सक्सेनाजींच्या लॅबमध्ये नको, दुसरीकडे तपासा.

तळाच्या पाण्याइतकं खारट निघालं तर सांगा. मी ही पोस्ट काढीन, आणि ह्यांची चूक झाली असं इथेच लिहीन.
पण न तपासता विहीर बंद झाली, तर मग मी काय समजायचं ते समजेन.

लग्न झाल्यापासून मी ह्यांचं नाव घेतलं नाही. आमच्या घरात तशी पद्धत नव्हती. पण रिपोर्टात ते छापलंय, तर मीही लिहिते.

श्रीधर.

तुम्हाला माझा नमस्कार. आहात तिथे शांत असा.