प्रसूती मागच्या दाराने

इंग्रजी शब्दांच्या बाबतीत माझ्या दादाचा एकच नियम होता. शब्दकोशात पहिला दिलेला अर्थ तो घरचा, बाकीचे पाहुणे. "पाहुण्यांना विचारून कोणी संसार करतं का?" असं तो म्हणायचा आणि मी मान डोलवायचे. झेरॉक्सवाल्याच्या मागच्या खोलीत त्याचं भाषांतराचं दुकान होतं आणि तिथे मी त्याची टायपिस्ट. दादा बोले, मी बडवे. मला इंग्रजी त्याच्या निम्मं येत होतं. त्याला किती येत होतं, ते मला फार उशिरा आणि फार वाईट वेळी कळलं.

एका मोठ्या इस्पितळाने इंग्रजी पाट्या काढून सगळ्या मराठीत लावायचं ठरवलं आणि ते काम दादाला मिळालं. दादा नुसता हवेत! लेबर या शब्दापुढे पहिला अर्थ होता श्रमिक, म्हणून लेबर रूमचं झालं 'कामगार कक्ष'. डिलिव्हरीपुढे पहिला अर्थ होता प्रसूती, म्हणून 'प्रसूती मागच्या दाराने'. तेव्हा मला नववा लागला होता. पोट टेबलाला टेकत असतानाही मी ते मुकाट्याने टाइप केलं, वर म्हणाले, "किती सोपं लिहितोस रे दादा!"

पाट्या लागल्या आणि दुसऱ्याच सकाळी मला कळा सुरू झाल्या. नवरा कामासाठी परगावी. दादाने टॅक्सी आणली. वाटेत तो मला धीर देत होता, "काही काळजी करू नकोस. तिथलं दार न् दार मला पाठ आहे."

टॅक्सी थेट इस्पितळाच्या मुख्य दाराशी थांबली. दादा मला धरून आत घेऊन गेला. समोरच 'कामगार कक्ष' होता. दारात एक वायरमन आणि एक रंगारी डबे उघडून बसले होते.

"साहेबांनी बरं केलं," रंगारी वायरमनला म्हणत होता. "आपल्यासाठीही एक खोली काढली."

आतून एका बाईचा जोरात ओरडण्याचा आवाज आला. मी थबकले. दादा म्हणाला, "चल चल, कामगारांचं भांडण असेल. आपल्याला काय करायचंय?" आणि मी, नववा महिना भरलेली शहाणी बाई, त्याच्यामागे चालू लागले!

'प्रसूती मागच्या दाराने' या पाटीवरचा बाण दाखवेल तसं आम्ही वळत गेलो. कपडे धुण्याची खोली गेली, स्वयंपाकघर गेलं आणि शेवटी एका उघड्या आवारात आलो. ट्रकमधून गाद्या उतरत होत्या. कोठीवाला कागद बघत उभा होता. मान वर न करता त्याने विचारलं, "काय आणलंय?"

"बहीण," दादा म्हणाला.

"पावती?"

"अहो, पावती कसली! बाळंत होतेय ती!"

आता त्याने मान वर केली. "मग इकडे कशाला आणलीत? माणसं पुढून. हे दार मालाचं आहे."

"पाटी वाचा की!" दादा ओरडला. "प्रसूती मागच्या दाराने!"

"कोणत्या गाढवाने लिहिलीय ती?"

दादा गप्प झाला. एरवी त्याला गप्प बसवायला वहिनीला अख्खा दिवस लागायचा. मी मात्र गप्प बसण्याच्या पलीकडे गेले होते. उतरवलेल्या गाद्यांच्या ढिगावरच मी अंग टाकलं. ते बघून दादाच्या तोंडची मराठी पार पळाली. "सिस्टर! माझ्या सिस्टरला बघा! सिस्टर पडली!"

कोठीवाला आत धावला आणि त्याने तसाच ओरडा केला, "सिस्टर पडली, सिस्टर पडली!" आपल्यातलीच कोणी पडली असं वाटून जेवढ्या नर्स हाताशी होत्या तेवढ्या सगळ्या पळत आल्या. एवढी फौज एखाद्या राणीच्या बाळंतपणालाही आली नसेल. मोठ्या सिस्टरने एका नजरेत सगळं ओळखलं, बाप्यांना हाकललं, आणि प्लास्टिकचं वेष्टनही न काढलेल्या त्या कोऱ्या गादीवर माझी लेक जन्मली. खणखणीत रडली. पलीकडे आणखी कोणीतरी रडत होतं. तो दादा होता.

मोठ्या सिस्टरने त्याला बोलावलं. मला वाटलं, आता याची खरडपट्टी निघणार. तिने फक्त त्याचं मनगट धरलं आणि इस्पितळभर फिरवलं. प्रत्येक दार उघडून विचारलं, "इथे काय चालतं, बघा. आता सांगा, पाटीवर काय लिहायचं?" थिएटरच्या दारावर 'नाट्यगृह' वाचून मात्र तिला हसू आवरेना. पाट्या त्याने पदरमोड करून बदलल्या. हसण्यावारी नेण्यासारखं हे नव्हतं, हे त्याला कळलं होतं. कितीतरी दिवस तो लेकीला हातात घ्यायलाही बिचकायचा.

आता जागा पाहिल्याशिवाय दादा एक शब्द लिहीत नाही. परवा एका कारखान्याची इंग्रजी पाटी भाषांतराला आली, तिचा अर्थ 'प्लांटला हात लावू नये'. यंत्र की झाड, हे ठरवायला तो मला घेऊन तिथे गेला. बघतो तर पाटीच्या एका बाजूला भलंमोठं यंत्र आणि दुसऱ्या बाजूला कुंडीतलं रोप! दादा कधी इकडे बघतो, कधी तिकडे. शेवटी माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "आत जाऊन विचारतेस का? मला लाज वाटते."

मी विचारायला गेले. तिथला माणूस म्हणाला, "बाई, दोन्हीला लावू नका."