मनोगत आणि वन्संची सहल

प्रवासाहून परतलेल्या माणसाला आमच्या दादरमध्ये एकच प्रश्न विचारतात, ‘कशी झाली ट्रिप?’ त्याचं एकच उत्तर चालतं, ‘मस्त!’ हे उत्तर तुम्ही लिफ्टमध्ये द्या नाहीतर भाजीच्या गाडीशी, देताना नजर जरा लांब लावायची असते. ‘परत जाल का?’ असं कुणीच विचारत नाही. तिथे खरं बोलावं लागेल.

माझी गिरगावातली मामेबहीण क्रूझवर चार दिवस बाथरूमचं दार धरून बसली होती. परत आल्यावर म्हणाली, ‘समुद्राची एक वेगळीच अनुभूती असते.’ आमच्या वरच्या मजल्यावरचं जोडपं परदेशातल्या एका मनोऱ्यावर जाण्यासाठी तीन तास रांगेत उभं राहिलं. वर पोचल्यावर ढगांशिवाय काही दिसलं नाही. तरी आज त्यांच्या दिवाणखान्यात त्या मनोऱ्याच्या तीन प्रतिकृती आहेत, एक दिव्याची. ट्रिप वाईट झाली असं सांगितलं तर आपण फसलो असा अर्थ होतो. दादरच्या माणसाला पित्त, मधुमेह, बिनकामाचा जावई, काहीही चालतं. फसलेलं चालत नाही.

मीही त्यातलीच. गेल्या मे महिन्यात मी आणि माझा नवरा एका टूर कंपनीबरोबर हिमाचलमधल्या थंड हवेच्या ठिकाणी आठ दिवस गेलो होतो. गावाचं नाव लिहीत नाही. तिथल्या लोकांची काही चूक नाही. आमच्यासारखे एवढे जण एकाच आठवड्यात येतील याची त्यांना कल्पना नसावी. हॉटेलचं वर्णन ‘दरीदर्शन’ असं होतं. खिडकी उघडली की समोरच्या हॉटेलच्या स्वयंपाकघराचं धुराडं दिसे आणि दरी त्याच्या मागे असावी असं मानायला जागा होती. बर्फ बघायला जाताना जीप साडेचार तास एकाच वळणावर उभी होती. त्या वेळात मागच्या जीपमधले गृहस्थ उतरून आले आणि आपण दोघं एकाच डेंटिस्टकडे जातो हे त्यांनी नवऱ्याच्या लक्षात आणून दिलं. वर भाड्याने गमबूट मिळाले. ते आधीच्या माणसाच्या पायांनी गरम आणि आतून ओले होते. आणि मग बर्फ. करडा, तुडवलेला, कडेला काळपट. तसा बर्फ मी दर रविवारी सकाळी पापलेटांच्या खाली बघते, फरक इतकाच की तिथे पापलेट तरी असतात.

नवरा म्हणाला, ‘फोटो काढ. मागचे लोक येऊ देऊ नकोस.’

मागे दोनेकशे लोक होते. शेवटी त्याने मला वाकवलं आणि खालून आकाश घेतलं. त्या फोटोत मी हिमालयावर एकटी आहे.

आता मुख्य गोष्ट. मराठी टूरमध्ये शेवटच्या संध्याकाळी मनोगताचा कार्यक्रम असतो. शेकोटी पेटवतात, बायका ठेवणीतल्या साड्या नेसतात आणि एकेकाने माईकवर येऊन आपलं मन मोकळं करायचं असतं. मन अर्थातच आधी गाळून घ्यायचं असतं. आमची टूर मॅनेजर चाळिशीची, बसलेल्या आवाजाची, कष्टाळू बाई होती. तिने आठ दिवस आमची औषधं, हरवलेले चष्मे आणि सुनांबद्दलच्या तक्रारी सांभाळल्या होत्या. तिच्यासमोर वाईट बोलणं शक्यच नव्हतं. त्यातून मला शाळेत वक्तृत्वाची चार बक्षिसं. हातात माईक आला की माझ्या तोंडून खरं येत नाही, चांगलं येतं.

‘इथल्या हिमशिखरांनी मला अंतर्मुख केलं,’ मी म्हणाले. हिमशिखरं मी एकदाच पाहिली होती, हॉटेलच्या जिन्यातल्या कॅलेंडरवर. ‘मी इथून निघाले तरी माझं मन इथेच राहील,’ असंही म्हणाले. टाळ्या पडल्या. एक आजोबा डोळे पुसत होते. नवऱ्याने सगळं मोबाइलवर घेतलं आणि आम्ही खोलीवर पोचायच्या आत घरच्या ग्रुपवर टाकलं.

गणपती होऊन आठवडा झाला असेल, वन्संचा फोन आला. वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. लालबागला राहतात. तिथली त्यांची चाळ पाडून टॉवर झाला आणि त्या चौदाव्या मजल्यावर गेल्या, पण बोलतात अजून गॅलरीतून हाक मारल्यासारख्या.

‘अगं, मी बुकिंग केलं!’

‘कशाचं?’

‘तुझ्या त्या हिमशिखरांचं. ऑक्टोबरात. तुझं भाषण सात वेळा ऐकलं मी!’

वन्संचं वय एकसष्ट. त्यांच्या सासूबाई अकरा वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. त्या काळात वन्सं एक रात्र घराबाहेर राहिल्या नाहीत. आमच्या मुलीच्या लग्नालासुद्धा अक्षता टाकून, डब्यात जेवण घेऊन घरी गेल्या. सासूबाई मागच्या हिवाळ्यात गेल्या. आता वन्संचे दोन्ही गुडघे गेलेत आणि नोव्हेंबरात ऑपरेशन ठरलंय. आयुष्यात आठ दिवस मोकळे मिळत होते, आणि ते त्या माझ्या भाषणावर विश्वास ठेवून ओल्या गमबुटांत घालवणार होत्या.

नवऱ्याला म्हटलं, ‘तुझ्या बहिणीला खरं सांगावं लागेल.’

‘काय सांगणार? आपण फसलो म्हणून?’

‘हो.’

‘ताई सगळ्या लालबागला सांगेल.’

‘सांगू दे.’

‘मग माझं नाव घेऊ नकोस. मी नुसतं शूटिंग केलं होतं.’

दुसऱ्याच दिवशी ऑफिसातून अर्धी रजा टाकून लालबागला गेले. वन्संनी दार उघडलं. अंगात गाऊन आणि पायात नवे कोरे स्पोर्ट्‌स शूज.

‘सवय करतेय,’ त्या म्हणाल्या. ‘बस. वाल सोलायचेत, हात चालव.’

परातीत भिजवलेले कडवे वाल होते. मी चार सोलले आणि बोलले.

‘वन्सं, ती जागा काही खास नाहीये.’

‘असं कसं? तू तर अंतर्मुख झालेलीस.’

‘ते बोलायचं म्हणून बोलले.’

‘आणि तुझ्या डोळ्यांत पाणी आलं ते गो?’

‘धूर होता शेकोटीचा.’

मग मी काही मागे ठेवलं नाही. वळणावर उभी राहिलेली जीप, गमबूट, धुराडं, देवळाच्या एकशेचाळीस पायऱ्या. गरम पाणी सहा ते साडेसहा येतं आणि सहा वीसला सगळं हॉटेल नळ सोडतं, हेही सांगितलं. वन्सं वाल सोलत ऐकत राहिल्या. सालं एका बाजूला, बिरडं दुसऱ्या बाजूला. त्यांचा वेग कमी झाला नाही.

‘जेवण कसं होतं?’ त्यांनी विचारलं.

‘जेवण चांगलं होतं. आचारी आपलेच असतात, बरोबर येतात.’

‘वाढतं कोण?’

‘त्यांचीच माणसं.’

‘ताटं?’

‘तीच उचलतात.’

‘अंथरुणं?’

‘हॉटेलवाले.’

‘मग झालं तर,’ वन्सं म्हणाल्या. ‘मला शिखरं घेऊन काय करायचंय? तुझ्या भाषणात शेवटी एक वाक्य होतं. आठ दिवसांत संध्याकाळी काय करायचं हा विचार एकदाही डोक्यात आला नाही, असं. ते ऐकायला मी सात वेळा लावलं. शिखरं पुढे ढकलत होते.’

हे वाक्य मी बोलले होते हे मला आठवतही नव्हतं. चार मिनिटांच्या भाषणात एवढं एकच खरं होतं आणि ते घाईत निसटलं असणार.

मी तरी हट्ट सोडला नाही. म्हटलं, एवढंच हवं असेल तर जवळ जा, कोकणात जा. हवा चांगली, जीपची भानगड नाही.

‘कोकणात?’ त्या हसल्या. ‘तिथे गावोगावी आपली माणसं. मी उतरले की म्हणतील, ताई आली, आज वडे ताईच्या हातचे. तिकडे मी पाहुणी की स्वयंपाकीण, ते मलाच कळत नाही.’

‘मग ऑपरेशननंतर जा. गुडघे बरे झाल्यावर.’

‘तेव्हा ही सगळी मला बघणार आहेत. आणि ते बघणं कसं असतं मला माहितीय. मी पलंगावरून सांगत बसणार, हिंग वरच्या फळीवर, खोबरं फ्रीजमध्ये.’ त्यांनी हातातला वाल जरा जोरात दाबला; तो उडून सोफ्याखाली गेला. ‘पण ते सगळं राहू दे. मी जातेय कुठे? मुलगा म्हणतो, अशा गुडघ्यांनी एकटी सोडणार नाही. ह्यांना परक्या पलंगावर झोप लागत नाही. सोबत नसेल तर शनिवारपर्यंत रद्द कर म्हणाला.’

त्यांनी मला विचारलं नाही. लालबागची माणसं असं विचारत नाहीत. सांगून गप्प बसतात. मी परातीकडे बघितलं. अजून पाऊण किलो वाल बाकी होते आणि ते झाल्याशिवाय मला कुणी उठू देणार नव्हतं.

‘मी येते,’ मी म्हणाले.

‘तुला तर जागा आवडली नाही.’

‘जागेचं राहू द्या.’

घरी येऊन सांगितलं तर नवरा हातातला रिमोट खाली ठेवून म्हणाला, ‘तिथे? परत?’

‘मस्त आहे ना ते!’ मी म्हणाले. ‘तूच ग्रुपवर लिहिलंयस.’

ऑक्टोबरात आम्ही दोघी गेलो. हॉटेल तेच, टूर मॅनेजर तीच. मला बघून तिने मिठी मारली. कुणी दुसऱ्यांदा आलेलं तिने बहुधा पहिल्यांदाच पाहिलं असावं. ‘बघा, यांचं मन इथे राहिलं होतं!’ असं तिने अख्ख्या बसला सांगितलं. तीस लोकांनी वळून माझ्याकडे आदराने पाहिलं. त्यातल्या दोघीतिघी पुढच्या वर्षी पुन्हा येणार म्हणाल्या. त्यांचं काय व्हायचं ते होईल, मी प्रत्येकीला किती वाचवणार?

वन्संची मात्र सहल सुरूच होईना. पहिल्या जेवणाला त्यांनी आमच्या टेबलावरच्या सहा ताटांची चळत केली आणि ती घेऊन लंगडत निघाल्या. वाढप्याने ती हातातून काढून घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळ करून बाहेर आले तर दोन्ही पलंगांच्या चादरी ताठ घातलेल्या, आणि त्या हॉटेलच्या टॉवेलने आरसा पुसत होत्या. त्याच संध्याकाळी त्या आचाऱ्यापाशी उभं राहून फोडणीत मोहरी पूर्ण तडतडू देत नाहीस, असं त्याला सांगत होत्या. टूर मॅनेजर त्यांना हाताला धरून परत घेऊन आली. ‘काकू, बसायचं. फक्त बसायचं.’

‘बसते गो. बसूनच तर सांगत होते.’

शिवाय घरचे फोन. निघण्यापूर्वी त्यांनी आठ दिवसांच्या भाज्या वारांच्या चिठ्ठ्या लावून फ्रीजमध्ये ठेवल्या होत्या. तरी बुधवारचा डबा सोमवारी उघडला गेला आणि मग आता बुधवारी काय खायचं, यावर लालबागहून तीन फोन आले. जिरं कुठे? गिरणीतून दळण आणायचं की ते पोचवतात? वन्सं बसच्या खिडकीतून हिमालयाकडे बघत ‘निळ्या झाकणाच्या डब्यात’ असं ओरडून सांगत होत्या. मला वाटलं, वाया गेलं. ह्या बाईने आपलं स्वयंपाकघर बॅगेत भरून आणलंय.

तिसऱ्या दिवशी सगळे बर्फ बघायला गेले. ऑक्टोबरात तिथे बर्फ नव्हता. पुढे जिथे पडणार ती जागा दाखवणार होते. आम्ही दोघी हॉटेलवरच राहिलो. वन्सं सकाळभर पाय स्टुलावर टाकून ऊन खात बसल्या. मी पुस्तक वाचलं.

दुपारी जेवायला खाली गेलो. सगळ्या हॉलमध्ये आम्ही दोघीच. भात वाढला, आमटी वाढली. पहिला घास घेतला आणि वन्संचा मोबाइल वाजला. स्क्रीनवर ‘घर’ असं लिहिलेलं मला समोरून दिसत होतं. त्यांनी बघितलं. मोबाइल वाजत राहिला. त्यांनी भात कालवला, घास घेतला, चावला. मोबाइल थांबला. अर्ध्या मिनिटाने परत वाजला. त्यांनी त्याच्यावर पेपर नॅपकिन टाकला.

‘काही महत्त्वाचं असलं तर?’ मी विचारलं.

‘शोधतील.’

आमटी संपली होती. त्यांचा हात सवयीने टेबलाच्या कडेला गेला, उठायला. तिथेच क्षणभर राहिला. मग त्यांनी तो परत घेतला, रिकामी वाटी उचलून दाखवली आणि चौदाव्या मजल्यावरून खाली बाजारात ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

‘ओ भाऊ! इकडे आमटी!’

मीही माझी वाटी पुढे केली.