दुपारच्या उन्हाची वाटणी

आमच्या सासरच्या माणसांना वाटणी फार सुरेख करता येते. सासरे गेले तेव्हा तिघा भावांनी जमीन वाटली, जनावरं वाटली, आणि मोठं पातेलं एकच निघालं म्हणून ते मोडीत घालून मोकळे झाले. बांधावरच्या चिंचेची कुठली फांदी कुणाची हे मला आजही पाठ आहे. वाटता आली नाही ती एक विहीर. तिचं पाणी पाळीनं घ्यायचं ठरलं, एकेका भावाचा एकेक दिवस, आणि बरीच वर्षं तेवढ्यावर भागलं.

शेताची वीज आमच्याकडं बहुतेक रात्रीची. धारूरच्या डोंगराला लागून आमची वस्ती, त्यामुळं हातात बॅटरी आणि तोंडात देवाचं नाव धरून माणसं पाणी द्यायला जायची. अशात सौर पंपाची योजना आली. बराचसा भार सरकार उचलणार, थोडा आपण उचलायचा. आमच्यासारख्यांना परवडेल अशी नवी वस्तू गावात पहिल्यांदाच आली असेल. तरी पारावर बसणारे हसले. ‘उन्हावर मोटार चालती व्हय? मंग चांदण्यावर गिरणी बी काढा,’ म्हणाले. पण पाऊस आमच्याकडं पाव्हण्यासारखा येतो, ऊन मात्र घरचं आहे. आमच्या थोरल्या दिरांनी पुढाकार घेतला आणि विहिरीच्या कडेला काळ्याभोर प्लेटा उभ्या राहिल्या. एक पुढारी येऊन नारळ फोडून गेले. तिघा भावांना जवळ घेऊन फोटो काढला आणि भाऊबंदकीच्या या जिल्ह्यात अशी एकी दुर्मिळ आहे, असं बोलले. थोरल्या दिरांचे डोळे भरून आले होते.

माझा जीव मात्र धाकट्या जावेत अडकला होता. ती आणि धाकटे भावजी, मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता, दरसाल ऊसतोडीला जायचे. दिवाळीच्या आगेमागे मुकादमाचा ट्रॅक्टर यायचा आणि उन्हाळा तोंडावर आल्यावर ती परतायची, काळी ठिक्कर पडून. लग्न होऊन आली तेव्हापासून एकाही संक्रांतीला तिच्या हातावर तिळगूळ ठेवायला मिळाला नव्हता. दिवसा पाणी मिळणार म्हटल्यावर तिनं विहिरीजवळच्या तुकड्यात मेथी, कोथिंबीर, वांगी केली. भाजी धारूरच्या बाजारात नेऊन विकायची, घर सोडायचं नाही, असा तिचा बेत. मुकादम आला तर उंबऱ्यातूनच म्हणाली, ‘औंदा आमचा कोयता न्हाई.’ ते ऐकून मला इतका आनंद झाला की मी त्या मुकादमालाही चहा पाजला.

मग आभाळ आलं. आता आभाळाला काय कळतं कुणाची पाळी कधी, पण ते लागोपाठ थोरल्या दिरांच्याच दिवशी आलं.

‘माजं ऊन बुडालं. ते भरून द्या,’ ते म्हणाले.

‘आभाळ काय आमी आणलं का, दादा?’ आमचे हे म्हणाले.

यावर तोडगा निघाला तो असा, की दिवस वाटायचे नाहीत, रोजचं ऊनच वाटायचं. सकाळ, दुपार आणि दिवस कलल्यानंतरचं. चिठ्ठ्या टाकल्या. आम्हाला दुपारनंतरचं आलं, थोरल्यांना सकाळचं, आणि भर दुपारचं धाकट्यांना. धाकटीनं माझ्याकडं बघून हळूच हसून घेतलं. दुपारी त्या मोटारीचं पाणी असं उसळायचं की पाईप हातात धरवत नसे.

थोरल्या दिरांनी आठवडाभर कसाबसा दम धरला. ‘कवळ्या उन्हात मोटार जांभया देती,’ असं आल्यागेल्याला सांगायचे. शेवटी एका संध्याकाळी दोघा भावांना बसवून म्हणाले, ‘थोरला मी, अन् भरदुपार धाकट्याला? कावून? वाटायचंच हाय तर प्लेटाच वाटून टाका. लफडंच न्हाई.’

प्लेटा नऊ होत्या. तिघांना तीन-तीन. इतकी बिनचूक वाटणी आमच्या घरात कधीच झाली नव्हती, त्यामुळं कुणाला नाही म्हणावंसंच वाटेना. पुढं ज्यानं त्यानं आपापली मोटार घ्यायची. तोवर सामाईक मोटारीला आपल्या पाळीला आपल्या प्लेटा जोडायच्या. तीन प्लेटांना तिसरा हिस्सा पाणी येईल, हे तर शाळेतल्या पोरालाही कळतं. धाकट्या भावजींना थोरल्यापुढं बोलायची सवय नाही. मी आतून ओरडले, ‘अहो, निदान इचारा तरी कुणाला!’ आमचे हे म्हणाले, ‘घरची वाटणी भायेरच्याला कावून इचारायची?’

दुसऱ्या दिवशी नटबोल्ट निघाले. थोरल्यांनी आपल्या प्लेटा गोठ्याला टेकवल्या, त्यांच्या शेळ्यांना बरी सावली झाली. धाकट्यांच्या विहिरीवरच राहिल्या, आमच्या ओसरीत आल्या. त्यांत चेहरा चांगला दिसायचा, मी कुंकू लावून घ्यायचे. आणि विहिरीवर तीन प्लेटा जोडून बघितल्या तर मोटार नुसती घुमायची. तिसरा हिस्सा सोडा, घोटभर पाणी वर आलं नाही. थोरल्यांच्या जोडल्या, आमच्या जोडल्या, धाकट्यांच्या जोडल्या. मोटारीनं कुणालाच डावं-उजवं केलं नाही.

चूक सगळ्यांना त्याच दिवशी कळली होती. पण कळणं वेगळं आणि प्लेटा परत नेणं वेगळं. आमचे हे म्हणायचे, ‘आदी दादानं आणाव्यात.’ दादा म्हणायचे, ‘मी थोरला, मी आदी कसा आणू?’ धाकटे भावजी दोघांच्या तोंडाकडं बघायचे. तिकडं धाकटी पोहऱ्यानं पाणी शेंदून घागरीनं मेथीला घालत होती. मी चार घागरी घातल्या की माझी कंबर धरायची, ती दिवस दिवस घालायची. एवढा राग मला आयुष्यात आला नव्हता. मी नवऱ्याशी बोलणं टाकलं, भाकरी त्यांच्यापुढं आपटायला लागले. त्यांनी त्या भाकरी निमूट खाल्ल्या आणि प्लेटा काही हलल्या नाहीत.

मेथी पिवळी पडली, वांग्यांची फुलं गळाली. धाकटीनं एका सकाळी घागर पालथी घातली आणि भावजींना म्हणाली, ‘मुकादमाला फोन लावा.’ ट्रॅक्टर आला तेव्हा तिनं चुलीची भांडी, गोधड्या, कोंबड्या वर चढवल्या. थोरल्या दिरांनी तिला सांभाळून राहायला सांगितलं. आमच्या ह्यांनी ट्रॉलीला मागून हात लावला. दोघंही खरंच हळहळत होते, त्याचाच मला जास्त राग आला.

भाऊबीजेला आमच्या नणंदबाई आल्या. ओवाळायला तीन पाट मांडले, तर एक रिकामा. काय झालं ते त्यांनी माझ्याकडून ऐकलं आणि ताट खाली ठेवलं. ‘प्लेटा जाग्यावर बसवा, मंगच ओवाळीन. तवर उपाशी बसा दोघं.’ बहिणीचा शब्द दोघांनाही मोडवेना, आणि मुख्य म्हणजे आधी कोण हा प्रश्नच उरला नाही. दोघं एकाच वेळी प्लेटा डोक्यावर घेऊन निघाले. दिवस कलायच्या आत मोटार सुरू झाली. बैल गेला अन् झोपा केला, पण झोपा छान झाला होता.

आता सगळं सुरळीत आहे. सकाळी थोरल्यांचा हरभरा भिजतो, दुपारनंतर आमचा गहू. आजूबाजूचे लोक बघायला येतात, दोघातिघांनी स्वतःकडंही असा पंप बसवून घेतला. सूर्य डोक्यावर आला की मात्र आमचे हे जाऊन मोटार बंद करतात. मी म्हणाले, ‘चालू राहू द्या की, तिच्या वांग्यांना तरी सोडा.’ तर म्हणाले, ‘धाकट्याच्या वाट्याला हात लावायचा न्हाई. त्यो इथं न्हाई म्हणून काय त्याचं ऊन खायाचं?’ थोरल्या दिरांचंही तेच मत आहे. इतकी प्रामाणिक माणसं आहेत ही.

परवा धाकटीचा फोन आला. उसाच्या फडात पाचटावर बसून भाकरी खात होती.

‘बाई, मोटार चालती का बरी?’

‘लई झ्याक चालती.’

‘मंग आत्ता आवाज कावून येईना?’

‘आत्ता दुपार हाय. तुमची पाळी हाय.’

मग म्हणाली, ‘तुमी घ्या की पानी. उगं वाया कावून घालवायचं?’

माझा आवाज चढला. म्हणाले, ‘तुजं ऊन हाय, तूच येऊन घे.’

तिकडून कोयत्यांचा आवाज यायला लागला होता. ‘ठिवते, बाई,’ ती म्हणाली, ‘जेवनाची सुट्टी सरली.’