वेगळं मीटर

आमच्या घरात चुली तीन होत्या आणि मीटर एक. पुढच्या खोल्यांत मोठे बाबा, म्हणजे वडलांचे थोरले भाऊ, मधे दुसरे काका आणि मागे आम्ही. एकेकाळी मागच्या खोलीत आजोबांचा माग होता. आता तिथं आईचं शिलाई मशीन आहे, आणि मशीनच्या मागे खिडकीत कूलर. उन्हाळ्यातही त्याच्यावर जुनी साडी टाकलेली असायची.

साडी काहून टाकलेली, ते सांगते. मीटर आजोबांच्या नावावर. ते गेले तरी नाव तेच. बिल आलं की मोठे बाबा अंगणात खाट टाकून बसायचे आणि वाटे पाडायचे. दिव्याचा एक वाटा, पंख्याचा त्याहून जास्त, कूलरचा सगळ्यात मोठा. तास कोणी मोजत नसे. कूलर महिन्यात एकदा लावला तरी पूर्ण वाटा. त्यात मोठ्या बाबांचा स्वतःचाही वाटा चोख असायचा, एका पैशाची लबाडी नाही. भरायलाही तेच जायचे, रांगेत उभे राहून.

आई म्हणायची, "लावला का वाटा लागते. त्याच्यापेक्षा बंदच बरा."

एका मे महिन्यात भर दुपारी ब्लाऊजला हुक लावता लावता ती मशीनवरच कलंडली. डॉक्टर म्हणाले, नशीब चांगलं, वेळेवर आणलं. पुढच्या उन्हाळ्यात हिला दुपारची थंडाव्यात ठेवा, पुन्हा असं झालं तर मी सांगू शकत नाही. वडील मान हलवत राहिले. ते सीताबर्डीत कापडाच्या दुकानात गिऱ्हाइकांपुढं थान उलगडतात. मालकापुढं मान हलवायची, डॉक्टरांपुढं हलवायची आणि घरी मोठ्या भावापुढं तर वर करायचीच नाही.

मी ते वर्ष धुमसत काढलं. आमच्या घरी पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. विणकरांच्या मोर्चांची, भाववाढीची, पाण्याची. मी वाचायला शिकले ती त्यांच्यावर. त्यामुळे अन्याय दिसला की तो छापून वाटला पाहिजे असं मला वाटतं, आणि वाटला की तो संपला असंही. फेब्रुवारीत मी वीज कार्यालयात गेले. तिथल्या बाबूंनी बिल उलटंपालटं केलं आणि विचारलं, "किती कुटुंबं आहेत या मीटरवर?"

"तीन."

"मग महाग दरातच जाणार ना! तिघांचा वापर एकावर चढतो. कमी उत्पन्नाच्या घराला सवलत आहे, पण मीटरमागे शंभर युनिटांच्या आत राहिलात तर. वेगळं मीटर घ्या. स्वयंपाक वेगळा आहे?"

"आहे. दारही वेगळं आहे."

"मग अडलं कुठं? आजोबांच्या वारसांच्या सह्या आणा."

मी जवळजवळ धावत घरी आले. इतकं सोपं होतं आणि इतकी वर्षं कोणी विचारलंच नव्हतं! त्या रात्रीच मी एक पानी मजकूर लिहिला, 'एक मीटर, तीन चुली: गरिबांची सवलत जाते कुठे?' झेरॉक्स काढून गल्लीत वाटला. मोठ्या बाबांना तो पानठेल्यावर मिळाला. चार माणसांत.

संध्याकाळी अंगणात खाट टाकली गेली. बिल नसताना.

"मोठी लेखक झाली वं तू," मोठे बाबा म्हणाले. "घरातली गोष्ट ठेल्यावर वाचाले भेटते आता."

"तुमचं नाव नाही त्यात, मोठे बाबा."

"नाव कायले लागते? तीन चुली न् एक मीटर गल्लीत कोणाचं हाय, पोट्ट्यालेही ठाऊक हाय. मी जिवंत असेपर्यंत या घराचे तुकडे नाई होणार."

"मीटर लावल्यानं तुकडे कसे होतात? सिलिंडर तीन झाले तेव्हा घर फुटलं नाही!"

"सिलिंडर आत राहते. मीटर रस्त्यावर दिसते."

मग खरं कारण बाहेर आलं. ताईची, म्हणजे त्यांच्या मुलीची सोयरीक चालली होती. काटोलकडची माणसं, संत्र्याचे व्यापारी, एकत्र कुटुंब. वैशाखात बघायला येणार होती. दारात पाऊल ठेवण्याआधी त्यांना भिंतीवर दोन मीटर दिसली असती, आणि दोन मीटर म्हणजे भांडलेलं घर, असं आमच्याकडे कोणीही न सांगता समजतं. मला ते ऐकून राग आला. जास्त राग याचा आला की ते खोटं नव्हतं.

वडील खाटेच्या पायाशी उभे. आई दाराआड. तिनं पदर डोक्यावर ओढून घेतला होता, कारण मोठे बाबा तिचे भासरे. आमच्याकडे धाकट्या भावाची बायको भासऱ्याशी बोलत नाही. लग्न होऊन आल्यापासून आईनं त्यांच्याशी एक शब्द थेट उच्चारला नव्हता. चहा दिला तर माझ्याकरवी, निरोप असला तर भिंतीला सांगितल्यासारखा: "म्हणा त्याईले, पाणी तापलं." आदल्या वर्षी ती पडली तेव्हा ऑटो आणायला मोठे बाबाच धावले होते. त्याबद्दलही ती काही बोलू शकली नव्हती.

होळी झाली. ऊन चढायला लागलं. मला घरात बसवेना आणि बाहेर गेलं की आई एकटी आहे म्हणून तिथंही थांबवेना. दुपारी दोनदा-तीनदा मी उगाच परत यायचे. आई फरशीवर पाणी शिंपडून त्यावर आडवी असायची. मला पाहून म्हणायची, "मेली नाई वं मी. जा."

मग समाजाच्या सभागृहात वीज कार्यालयाचं शिबिर लागलं. अर्ज तिथंच, सह्या तिथंच. वडील, आई आणि मी गेलो. मधल्या काकांनी सही आधीच करून दिली, त्यांनाही पुढं मीटर हवं होतं. मोठे बाबा येतील असं वाटलं नव्हतं. ते इस्त्रीचा सदरा घालून आले आणि टेबलासमोरच्या खुर्चीवर बसले.

बाबूंनी विचारलं, "तुमची काही हरकत?"

"हरकत कायची साहेब?" मोठे बाबा मऊ आवाजात म्हणाले. "कोणी मागितलंच नाई तं हरकत कशी घेऊ? पोरगी हाय भावाची, तिले पत्रकं वाटाची हौस हाय. भाऊ काही म्हणत नाई. घरच्या लक्ष्मीनं मले कधी म्हटलं का, का मले गरज हाय?"

सगळ्यांना कळलं ते काय करताहेत. जी बाई बोलूच शकत नाही तिच्याच बोलण्यावर त्यांनी सगळं टाकलं होतं. मी तोंड उघडलं तेवढ्यात आईनं माझा दंड धरून मला बाजूला केलं.

"म्हणते," आई म्हणाली. "आता म्हणते दादाजी."

मोठ्या बाबांनी तिच्याकडे पाहिलं नाही. ते समोरच्या शाईच्या पॅडकडे बघत राहिले. वडलांचा चेहरा मी आजही विसरले नाही. कोणीतरी भर बाजारात त्यांची टोपी उडवावी तसा.

"मले उन्हाचं भेव वाटते. मागच्या साली तुम्ही ऑटो आणला म्हणून वाचली. दरसाली तुम्ही घरीच असान का?" ती थांबली नाही. "पाहुणे मीटर पाहतीन म्हणता. मी दारात पडली राहीन तं काय पाहतीन?"

कोणीतरी मागं हसलं. मोठ्या बाबांचे कान लाल झाले.

"मंग सोयरीक होऊ दे," ते टेबलाला म्हणाले. "त्याच्यानंतर लावा मीटर."

"सोयरीक वैशाखात हाय. ऊन आत्ताच हाय," आई म्हणाली. आणि मग, जरा खालच्या आवाजात, "ताईच्या लग्नाचे ब्लाऊज मलेच शिवाचे हायेत दादाजी. जगली तं शिवीन."

मोठ्या बाबांनी पेन मागितलं. सही करताना त्यांनी कागद इतका दाबला की खालच्या कागदावर ती उमटली. उठताना वडलांना म्हणाले, "घरी चाल गा. लोकं तमाशा पाहून राहिले." माझ्याकडे पाहिलंही नाही. त्यानंतर कित्येक दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. आईशी मात्र त्यांना बोलावं लागलं. एकदा तुटलेली गोष्ट पुन्हा जोडता येत नव्हती. पहिल्यांदा ते नुसतं "चहा आण" म्हणाले, कोणाकडेच न बघता, आणि घरात सगळे क्षणभर थबकले.

मीटर लागलं, काटोलची माणसं यायच्या आधीच, जुन्याच्या शेजारी, रस्त्यावरच्या भिंतीवर. मला वाटलं, संपलं. पण आई रोज संध्याकाळी बाहेर जाऊन आकडा बघू लागली आणि येऊन कूलर बंद करू लागली. मी चिडले. "आता कशाला? आता तर वाटा नाही!"

"तूच म्हणते ना, शंभरच्या आत राहा म्हणून?"

मी पुन्हा वीज कार्यालयात गेले. मे महिन्यात नागपुरात कूलर लावून शंभरच्या आत कोण राहतं, असं मी बाबूंना विचारलं, जरा जोरातच. ते म्हणाले, त्या महिन्यात सवलत मिळणार नाही, बाकी महिन्यांत मिळेल, नियम मी केलेला नाही. खरं होतं. ज्यानं केला तो मला कुठं भेटणार होता? परतताना माझ्या डोक्यात नवं पत्रक तयार होत होतं आणि पहिल्यांदाच मला त्याचा कंटाळा आला.

आईला सांगितलं. तिनं थोडा वेळ दोरा दातानं तोडल्यासारखं तोंड केलं. मग म्हणाली, "बाकीच्या महिन्यात पैसे वाचतीन ना? मंग मे महिन्याले जाऊ दे शंभरच्या वरते." मशीन तिनं पहाटेवर ढकललं, आणि भर दुपारी कूलरवरची साडी ओढून घडी करून ठेवली.

पाणी भरलं, खस ओली झाली, खोलीत वास सुटला. ती पंधरा मिनिटांत झोपली. मी झोपू शकले नाही. मीटर किती पळतंय ते बघायला उठले, दारापर्यंत गेले.

"कुठं चालली?" ती डोळे न उघडता म्हणाली. "बस इथं. हवा खा."

मी बसले. पाय हलतच राहिले.