मुंग्यांची कॅसेट

फोन आला तेव्हा मी कुकर लावत होते. वहिनी एवढंच म्हणाली, "छाया, हे गेले गं..." गॅस बंद करताना मनात सगळ्यात आधी काय आलं, ते लिहायची लाज वाटते. मला एक व्हिडिओ कॅसेट आठवली. रडू मागाहून आलं.

दादा ओझरच्या विमान कारखान्यात वायरिंगचं काम करायचा. अप्पा, म्हणजे आमचे वडील, नांदगावकडचे. वर्गाच्या दाराबाहेर बसून शिकले आणि पुढे त्याच शाळेत मास्तर झाले. ते सगळं त्यांनी वह्यांमध्ये लिहून ठेवलं होतं. ते गेल्यावर दादाने पानन्पान स्कॅन केलं, पण तेव्हाच्या फ्लॉपीत त्यातलं काय मावणार? मग त्याने कुठून तरी कंप्युटरमध्ये बसवायचं एक कार्ड मिळवलं, कंप्युटर व्हीसीआरला जोडला आणि अख्ख्या वह्या साध्या कॅसेटवर उतरवल्या. ती टीव्हीवर लावली की नुसत्या काळ्यापांढऱ्या मुंग्या दिसायच्या.

मला यातलं काही माहीत नव्हतं. मी शिकवायचे त्या शाळेतल्या मुलींची लेझीम टीव्हीवर दाखवणार होते. मी धावतपळत दादाकडे गेले, हाताला लागली ती कॅसेट लावून पाहिली. मुंग्याच मुंग्या. म्हटलं, खराब दिसतेय, आणि तिच्यावरच लेझीम घेतली. आठवड्याने दादाने मोठ्या कौतुकाने तीच कॅसेट मला दाखवायला काढली. "छायडे, या मुंग्या म्हणजे अप्पांचं अक्षर. आपल्याला नाही वाचता येत, कंप्युटरला येतं." त्याने मधूनच लावली म्हणून मी वाचले. सांगायला तोंड उघडलं होतं... पण वाटलं, वह्या आहेतच की घरात.

त्याच पावसाळ्यात वह्यांना वाळवी लागली. पत्र्याच्या पेटीत मातीचा ढिगारा तेवढा उरला. दादा म्हणाला, "बरं झालं, कॅसेट आहे." त्या दिवसापासून मी जी घाबरले ती घाबरलेच. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं, तो कॅसेटचं नाव काढायचा आणि मी चहा करायला उठायचे.

दरवर्षी ऑक्टोबरच्या उन्हात तो ती बाहेर काढायचा. फीत चिकटू नये म्हणून एकदा पुढे, एकदा मागे फिरवायचा. तेवढा वेळ व्हीसीआरच्या झाकणावर तळहात ठेवून बसायचा. "आवाज बदलला की हाताला आधी कळतं. फीत गुंतली तर संपलं." पेनड्राइव्हवर का घेत नाहीस, असं एकदा विचारलं, तर म्हणाला, "घेईन. भीती वाटते गं." मला वाटायचं, त्याची भीती वेगळी आणि माझी वेगळी.

दादाच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला आणि पंधरा दिवसांनी वहिनीने कॅसेट लावायला मला त्यांच्या नाशिकरोडच्या घरी बोलावलं. दादाने मशीन कसं चालवायचं ते कागदावर लिहून ठेवलं होतं. वहिनी एकेक ओळ वाचत होती, मी वायरी जोडत होते. एक पिन दोनदा चुकीच्या भोकात घातली. वाचता वाचता वहिनी थांबली आणि कागद माझ्यापुढे धरला. "तूच वाच."

दादाचं बारीक, सरळ अक्षर. 'सुरुवातीला दहा मिनिटं लेझीम आहे. तेवढी पानं गेली. घाबरून बंद करू नये, पुढे अप्पा आहेत. छायाला यातलं काही बोलू नये, ती आधीच भित्री आहे.'

म्हणजे इतकी वर्षं... मी बटण दाबलं. मुली नाचल्या, थांबल्या आणि मुंग्या सुरू झाल्या. त्या कंप्युटर वाचतोय की नाही, ते कळायला वेळ लागणार होता. भीती गेली नव्हती, अजिबात गेली नव्हती. मी व्हीसीआरच्या झाकणावर तळहात ठेवला आणि बसून राहिले.