घारीची सहा पिसं

नाटकांचा हंगाम संपला की त्या नाट्यगृहाला गाढ झोप लागायची. खुर्च्यांवर पांढऱ्या चादरी पडायच्या, दिव्यांच्या काचा पुसून कागदात गुंडाळल्या जायच्या, आणि एवढ्या मोठ्या इमारतीत जागी माणसं उरायची दोनच. रंगमंचावर बसून मोडके जिने आणि कुठेही न उघडणारी दारं दुरुस्त करणारा सुतार, आणि रंगपटाला लागून असलेल्या लांबट खोलीत टोप विंचरणारी त्याची बायको. लहानथोर सगळे तिला मावशी म्हणत. चारचौघांत नवराही मावशीच म्हणायचा, आणि त्यावर हसणाऱ्यांची आता दुसरी पिढी चालू होती.

मावशी नटांसाठी केसांचे टोप विणायची. लाकडी डोक्यावर जाळी ताणून बसवायची, आणि डोळ्याला जेमतेम दिसेल अशा आकडीने एकेक केस ओढून गाठ मारायची. एक टोप म्हणजे महिनाभराची मानदुखी. तिच्या कामात एकच पाप होतं, फट दिसणं. केसांमधून जाळी दिसली की राजाचा राजेपणा संपला, असं ती म्हणायची आणि फट दिसेल तिथे आणखी चार गाठी मारायची. चाळीस वर्षांत पहिल्या रांगेतल्या माणसालाही तिच्या हातचा टोप ओळखता आला नव्हता.

त्या दुपारी सुताराने आभाळाचा पडदा खाली सोडला होता. विरलेले ढग पुन्हा रंगवायचे म्हणून मागून एक दिवाही लावला होता. सामान आत घेण्याचं मोठं दार सताड उघडं. एका कबुतरामागे लागून घार आत शिरली. कबुतर झरोक्यातून निसटलं, पण घारीला ती वाट जमेना. तिने उंच छताखाली दोन फेऱ्या मारल्या आणि मग, जणू काही चुकलंच नव्हतं अशा थाटात, सरळ आभाळाकडे झेप घेतली.

ओला टोप हातात घेऊन मावशी नेमकी तेव्हाच तिथून चालली होती. कापडाने घारीला मागे फेकलं, ती दोरखंडांत अडकली, झटापट करत खाली आली. सुताराने खुर्चीवरची चादर तिच्या अंगावर टाकून तिला धरलं.

"आभाळ मी रंगवलंय," तो खाली मान घालून म्हणाला.

"माहीत आहे हो. पण एवढं खरं रंगवायची काय गरज होती?" मावशी म्हणाली. चाळीस वर्षांत त्याला तिच्याकडून मिळालेली ही सर्वांत मोठी शाबासकी होती, पण त्या घडीला दोघांच्याही ते लक्षात आलं नाही.

मागच्या गल्लीत पाखरांची एक डॉक्टर होती. वयाने मावशीच्या लेकीएवढी, हातांवर ओरखड्यांची नक्षी. तिने घारीच्या डोळ्यांवर फडकं टाकलं, पंख बोटांनी चाचपला.

"हाड शाबूत आहे. पण ही टोकाची मोठी पिसं बघा, सहाच्या सहा मधोमध मोडलीत. उडण्याची सगळी भिस्त यांच्यावर असते."

"नवीन येतील की," सुतार म्हणाला.

"येतील. जुनी आपोआप गळतील तेव्हा. त्याला वर्ष लागेल. आणि काका, पिंजऱ्यात घार वर्ष काढत नाही. पाय सुजतात, धडका मारून उरलेली पिसंही जातात. मग ती कायमची पिंजऱ्यातली."

मावशी घारीवर वाकली. घारीचे डोळे झाकलेले होते, पण चोच किंचित उघडी होती, आणि धाप लागलेल्या म्हाताऱ्या नटासारखा तिचा ऊर वरखाली होत होता.

"दुसरं काहीच नाही?"

"आहे एक. मेलेल्या घारीची पिसं मी जपून ठेवलीत. मोडक्या पिसाची दांडी आतून पोकळ असते. तीत बांबूची काडी बसवायची, वरून दुसरं पीस चढवायचं, डिंकाचा ठिपका. मी एकदा बघितलंय. पण माझे हात एवढे बारीक चालत नाहीत, खोटं कशाला बोलू."

मावशीने आपले हात पुढे केले आणि टेबलावर ठेवले.

घार टोपांच्या खोलीत राहायला आली. सुताराने मोठी पेटी केली, आतून मऊ कापड लावलं. नाटकातल्या सवयीने त्याने तिला नक्षीची कमान काढायला घेतली होती, ती बायकोने थांबवली. डॉक्टरचा हुकूम होता, तिच्याशी बोलायचं नाही, लाड करायचे नाहीत, मांसाचे तुकडे लांब चिमट्याने द्यायचे. माणसांची सवय लागली तर बाहेर जगायची नाही. बडबड्या मावशीच्या तोंडाला कुलूप लागलं. सुतार म्हणायचा, "पाखरू आलं आणि घरात शांतता आली, असं कुणाला सांगितलं तर वेड्यात काढतील मला."

ते दिवस मावशीला पुढे नीट आठवायचे नाहीत, स्वप्न आठवावं तसे तुकड्यातुकड्याने आठवायचे. उंच खिडकीतून येणारा उजेड फळीवरच्या लाकडी डोक्यांवरून सरकत जायचा. पांढऱ्या जटा, काळ्याभोर वेण्या, कुरळ्या बटा, सगळी बिनचेहऱ्याची पात्रं पेटीकडे तोंड करून बसलेली. पेटीच्या फटीतून चहाच्या रंगाचा एक डोळा त्यांच्याकडे बघायचा. मावशी विणता विणता पेंगायची, आणि अर्ध्या झोपेत तिला वाटायचं की आपण घारीच्या पाठीवर बसून एकेक पीस ओवतोय, खाली रस्ते आहेत, गच्च्या आहेत, आणि आकडी हातातून पडली तर शोधायची कुठे, एवढीच काय ती चिंता.

कामाचा दिवस उजाडला. घारीच्या डोक्यावर घालायला मावशीने जुन्या मोज्याचं टोपरं शिवलं होतं, चोचीपुरतं भोक ठेवून. "आयुष्यातला सगळ्यांत लहान टोप," ती कुजबुजली, आणि डॉक्टरने ओठांवर बोट ठेवलं.

सुताराने घार कापडात गुंडाळून धरली. त्याने काड्या तासल्या होत्या, दात कोरायच्या काडीहून बारीक. डॉक्टर पिसं निवडून द्यायची, पहिलं पहिल्याच्या जागी, दुसरं दुसऱ्याच्या. मावशी काडी बसवायची, श्वास रोखून पीस चढवायची. सहावं पीस बसलं तेव्हा डॉक्टरला कुणाच्या तरी पोपटासाठी बोलावणं आलं. "डिंक वाळेस्तोवर धरून ठेवा," एवढं सांगून ती गेली.

मावशीने पंख उलगडून पाहिला. जोड कुठे आहे ते तिलाही दिसेना. पण टोकाला पिसापिसांमध्ये मोठाल्या फटी होत्या. पंजाची बोटं फाकावीत तशी पिसं वेगवेगळी उभी. तिने नाक मुरडलं.

"काय झालं?" नवऱ्याने हळूच विचारलं.

"असं काम मी कुणाच्या डोक्यावर चढवलेलं नाही."

तिने आकडी घेतली. एका पिसाच्या कडेपासून दुसऱ्याच्या कडेपर्यंत केसाच्या, अगदी न दिसणाऱ्या गाठी मारल्या. फटी मिटल्या. पंख एकसंध, गुळगुळीत झाला.

"वा," सुतार म्हणाला. "आता कसं दिसतंय."

आठवड्याने प्रेक्षागृहाचे दिवे लावले. खाली गाद्या पसरल्या. डॉक्टरने रंगमंचावर उभं राहून घारीचं टोपरं काढलं आणि तिला वर उडवलं. चादरी घातलेल्या खुर्च्या खाली हिमासारख्या पसरलेल्या, त्यांच्यावरून ती तीन रांगा गेली, चौथ्या रांगेशी तिचं अंग एका बाजूला पिळवटलं, आणि ती धप्पकन गाद्यांवर आली.

दुसऱ्यांदाही तसंच झालं. तिसऱ्यांदा डॉक्टरने उडवलंच नाही.

"माझं चुकलं बहुतेक," ती दमलेल्या आवाजात म्हणाली. "पिसं जुळली नसतील. उगीच हाल केले तिचे."

मावशी चौथ्या रांगेत चादरीवर मटकन बसली. पेटी, पिंजरा, वर्ष, सुजलेले पाय, सगळं डोळ्यांपुढून गेलं. डॉक्टरने उदासपणे पंख उलगडला, आणि तिचं बोट अडकलं. तिने पंख उजेडात धरला.

"मावशी, हे काय आहे?"

"फटी होत्या. बुजवल्या मी."

डॉक्टर हसू दाबत म्हणाली, "अहो मावशी, त्या फटी असायलाच हव्यात. वारा त्यांतून जातो. घार बोटं फाकवते तेव्हाच तिला तोल सापडतो. तुम्ही तिची बोटं शिवलीत."

मावशीच्या कानांच्या पाळ्या तापल्या. सुतार घसा खाकरून म्हणाला, "मीही वा म्हटलं होतं. अर्धी चूक माझी लिहा."

"तुमची अर्धी आभाळात आधीच लिहिलीय," मावशी म्हणाली आणि तिने कात्री मागितली.

स्वतःच्या हातची गाठ तिने आजवर कधी कापली नव्हती. एकेक गाठ तोडताना पिसाचा एक तंतू दुखावू नये म्हणून ती दातांनी ओठ चावत होती. शेवटची गाठ सुटली तशी पिसं फाकली, अस्ताव्यस्त, अडाणी दिसणारी.

डॉक्टरने हात वर केले. घार रंगमंचावरून निघाली, पांढऱ्या रांगा तिच्या सावलीखालून एकामागून एक सरकल्या, आणि ती वरच्या सज्ज्याच्या कठड्यावर जाऊन टेकली. पाठ वळवली. चोचीने पंखातलं मावशीचं एक पीस ओढलं, उलटंसुलटं केलं, आपल्याला हवं तसं लावलं.

"बघा," मावशी म्हणाली. "खुर्चीतून उठलं की प्रत्येक नट टोपाला हात लावतो. हातावर फटका मारते मी." आणि चादरीचं टोक घेऊन तिने डोळे पुसले.

चार दिवसांनी, घारीने सज्ज्यापर्यंतच्या वीसेक फेऱ्या न चुकता केल्यावर, सकाळी तिघं गच्चीवर गेली. पेटीचं दार उघडलं. घार बाहेर आली, कठड्यावर बसून तिने वाऱ्याकडे तोंड केलं. मावशीला खूप काही बोलायचं होतं. महिन्याभराचं साठलं होतं. तिने ओठ घट्ट मिटून घेतले. घारीने एकदाही मागे पाहिलं नाही. कठडा सोडला, जराशी खाली गेली, मावशीने नवऱ्याचं मनगट आवळलं, आणि मग वाऱ्याने तिला उचललं. पंख न हलवता ती वर वर जात राहिली, तिथे आधीच पाचसहा घारी संथ घिरट्या घालत होत्या, त्यांच्यात मिसळली.

"ती बघ आपली," सुतार बोट दाखवत म्हणाला. "डावीकडची."

"डावीकडची कुठली? ती, सर्वांत वरची."

"अगं, ती नव्हे. तुझेच हात लागलेत, आणि तुला ओळखू येईना?"

मावशीने कपाळावर हात धरून डोळे बारीक केले. सगळ्या घारी सारख्याच दिसत होत्या.

"तुम्हाला तरी येतंय का?" ती म्हणाली.

"नाही."

"मग झालं," मावशी म्हणाली, आणि मान दुखेपर्यंत दोघं वर बघत उभी राहिली.